पिनांग-सिंगापूर, व्हाया केळवे

पैज ठरली ती अशी. शिमग्याच्या आत मी, हरेश्वर राऊत, पाठीला एक पिशवी लावून समुद्रातल्या बेटावर उतरायचं, तिथे स्वतःच्या हाताने शिजवून जेवायचं आणि परत यायचं. हमाल करायचा नाही. नातेवाइकाकडे उतरायचं नाही. पिशवी जाताना-येताना माझ्याच अंगावर. हरलो तर बाजाराच्या दिवशी पालघर स्टेशनवर लाल सदरा घालून येणाऱ्या-जाणाऱ्यांची ओझी फुकट वाहायची. वामन चुरी हरला तर त्याने वाहायची. हातावर हात पडला, चाळीतल्या लोकांनी पाहिला, आणि माझ्या आयुष्यातले सगळ्यात दमवणारे पाच महिने सुरू झाले.

ह्याला कारण एक अमेरिकन पोरगा. मी तारापूरच्या प्रकल्पावर एका ठेकेदाराकडे स्टोअर सांभाळतो. तिथल्या गोऱ्या इंजिनियरचा भाचा दसऱ्याच्या सुमाराला आला, पाठीला पिशवी लावून. दाढी अशी की पोरं घाबरावीत. सिंगापूर, पिनांग, लंका असं करत करत, बोटीच्या डेकवर झोपत, केळी खात तो बोईसरला उतरला होता. एवढी बेटं आणि शहरं त्याने जेवढ्या पैशांत केली, तेवढ्यात आमच्याकडे एक साधं बारसं होत नाही. हे मी संध्याकाळी ओट्यावर सांगितलं आणि ओघात म्हणालो, त्यात काय, हे तर मीही करीन.

वामन म्हणजे माझा शेजारी. कचेरीत हेडक्लार्क. भिंतीला भिंत लागून गेली बारा वर्षं आम्ही एकमेकांना जगू देत नाही. तो म्हणाला, "हऱ्या, तू सफाळ्याला जातोस तर वळकटी, छत्री, फिरकीचा तांब्या आणि खुंटी मारायला हातोडी घेऊन जातोस. तू आणि पाठीवर पिशवी?" हातोडीचं खोटं होतं. ती एकदाच नेली होती, आणि तिचा उपयोग झाला होता.

आता माझी ख्याती सांगायला हवी. मी पाऊस आला म्हटलं तर लोक आधी खिडकीतून हात बाहेर काढून बघतात. आमच्या चाळीच्या मालकाला, धर्माजीशेठला, मी एकदा सांगितलं होतं की प्रकल्पावरचे साहेब लोक गाढवांचे जुने नाल सोन्याच्या भावाने घेतात. त्याने दोन पोती नाल जमवले. वामनच्या सासऱ्यांना मी भलत्याच घरात नेऊन जेवायला बसवलं होतं, आणि ते जेवलेही. असल्या माणसाने पैज घेतली की लोकांना वाटतं, ह्यात काहीतरी मेख असणार. मेख नव्हती. मी बोलून बसलो होतो एवढंच.

रात्री जेवताना हंसाने, म्हणजे माझ्या बायकोने, ताटात भात वाढता वाढता विचारलं, "हे खरं की गंमत? गंमत असेल तर आत्ताच सांगा. मी मनात धरायच्या आधी."

हंसा एडवणची. समुद्र दारात. पण घरातल्या मुलींना कधी कोणी होडीत पाय ठेवू दिला नाही. लग्न होऊन आली ती पालघरला, आणि पालघरहून फार तर वसईपर्यंत, तेही कोणी गेल्यावर. मी भाताकडे बघत म्हणालो, गंमत नाही, आणि तूही येतेस. हे का म्हणालो मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तिने पांढरे कापडी बूट मागवले आणि पहाटे रेल्वेच्या कडेकडेने चालायचा सराव सुरू केला. तेव्हा मला पहिल्यांदा घाम फुटला. वामनसमोर हरणं सोपं होतं. तो विसरला असता, म्हणजे वीसेक वर्षांत. त्या बुटांसमोर हरणं कठीण होतं.

पिशवीपासून सुरुवात केली. आपल्याकडे असली पिशवी मिळत नाही; मिळतात त्या बाजाराच्या. म्हणून ठेकेदाराच्या फाटक्या ताडपत्रीची शिवून घेतली. शिंपी तंबू शिवणारा होता, त्याने तंबूच शिवला. नुसती रिकामी पिशवी उचलली तरी माणूस मागे कलायचा. त्यात ताडपत्रीवर मूळचा छाप होता, तो नेमका पाठीवर आला: सिमेंट, ओले करू नये. मी ती लावून चाळीत एक फेरी मारली. बायका दारात आल्या. वामन लांबून मोठ्याने वाचत होता.

मग पासपोर्ट; बेट म्हटल्यावर मी चाळीत लंका, पिनांग, सिंगापूर असं सांगून बसलो होतो. माझी आपली समजूत होती की पासपोर्ट म्हणजे रेशनकार्डासारखं काहीतरी असणार, फक्त धान्य मिळणार नाही. पण त्याला जामीन लागतो. आपण परदेशात अडकलो, खिशात दमडी नाही, तर आपल्याला परत आणायचा खर्च देईन असं ऐपतदार माणसाने लिहून द्यावं लागतं. आमच्या ओळखीत ऐपतदार एकच, धर्माजीशेठ, भाताच्या गिरणीचा मालक आणि दोन पोती नालांचाही. मी त्याच्या गिरणीवर गेलो. भुसा उडत होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुला परत आणायला मी पैसे देऊ?" तो म्हणाला. "न आणायला देतो. बोल, किती देऊ?"

तीन खेपा घातल्या. चौथ्या खेपेला हंसा बरोबर आली, नुसती बूट घालून उभी राहिली. शेठने तिच्या पायांकडे बघितलं आणि सही केली. वर मला म्हणाला, "हिच्यासाठी हाय ही. तू तिकडंच राहिलास तरी आमाला चालंल."

त्यानंतर पोलीस आला. पासपोर्टवाल्याची वर्तणूक कशी आहे ह्याची चौकशी तो शेजाऱ्यांकडे करतो, असा कायदा आहे. हा कायदा करणाऱ्याला शेजारी नसावेत. जमादार ओट्यावर बसला आणि त्याने सहज विचारलं, राऊत माणूस कसा? बघता बघता रांग लागली. कोणाला मी जावयाची तार आल्याची खोटी बातमी दिली होती, कोणाची म्हैस मी परस्पर लिलावात काढली होती. जमादार आधी लिहीत होता, मग नुसताच ऐकायला लागला, मग त्याने चहा मागवला. शेवटी वामन पुढे आला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "माणूस अत्यंत सज्जन आहे." असं हसत म्हणाला की जमादाराने पेन पुन्हा उघडलं आणि मला विचारलं, तुम्ही देश सोडून का चाललात?

देवीची लस टोचून घेतली. दंड एवढा सुजला की आठ दिवस मला सदरा एका बाजूने घालावा लागत होता. पटकीचीही टोचली. ती दुसऱ्या दंडात, म्हणून मग दोन्ही बाजूंनी घालता येईना.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण आपल्या लोकांची एक रीत आहे, तिने माझा कणा मोडला. आपल्याकडे माणूस प्रवासाला निघाला असं कळलं की तो माणूस राहत नाही, तो पार्सल होतो. सुरुवात साखरबाईने केली. ही आमच्या दारावर सुकी मासळी घेऊन येते. तिचा भाचा बोटीवर खलाशी, बोट कधीकधी कोलंबोला लागते. तिने सुक्या बोंबिलांचं एक गाठोडं ओट्यावर ठेवलं. मी म्हटलं, बाई, कोलंबो म्हणजे केवढं शहर, तुझा भाचा मला सापडणार कसा?

"वासाने येल तो," ती म्हणाली. "तू फक्त गाठोडं सोड."

मग चुरी वहिनींनी सिंगापूरच्या मावसभावासाठी उडदाचे पापड आणि कैरीच्या लोणच्याची बरणी दिली. नवऱ्याने आमच्याविरुद्ध पैज लावली आहे ह्याचं त्यांना काही वाटलं नाही. पैज पैजेच्या जागी, लोणचं लोणच्याच्या जागी. कोणी घोलवडचे कच्चे चिकू दिले, पोचेपर्यंत पिकतील म्हणून. कोणी पिनांगच्या एका स्थळासाठी मुलीची पत्रिका आणि फोटो दिला, आणि मुलाच्या घरी नळ आहे का ते बघून यायला सांगितलं. कोणी काही न देता फक्त आणायला सांगितलं, तेही मनावर एक ओझंच. हंसा सगळं पिशवीत नीट लावत होती. तिच्या तोंडावर थकवा नव्हता. मी मात्र रात्री कुशीवर वळताना पत्रिकेतल्या मंगळाचा विचार करत होतो.

पौष गेला, माघ गेला, पासपोर्ट काही आला नाही. मुंबईला जाऊन विचारलं तर कागद वर गेलेत. पुन्हा जाऊन विचारलं तर कागद खाली आलेत. तिसऱ्यांदा गेलो तर कारकुनाने मलाच विचारलं, तुम्ही कुठून आलात, वरून की खालून? इकडे वामनने बुधा हमालाकडून लाल सदरा आणून आमच्या सामायिक दोरीवर वाळत टाकला. रोज सकाळी तो धुऊन नव्याने टाकायचा. वारा आला की सदरा दोन्ही हात पसरून मला बोलवायचा.

फाल्गुन लागला तेव्हा मी हंसाला सांगायला बसलो की, बघ, सरकारपुढे आपण काय करणार. तिने पूर्ण ऐकून घेतलं. बूट कोपऱ्यात होते, टाचेला झिजलेले.

"पैजेत बेट आहे," ती म्हणाली. "लंका तुमच्या तोंडात होती. बेटाला पासपोर्ट लागत नाही."

केळव्याच्या समोर पाण्यात एक जुना कोट आहे, छोटा किल्लाच. ओहोटीला वाळूवरून, गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं. भरतीला चारी बाजूंनी पाणी. हे बेट की नाही ह्यावर ओट्यावर भांडण झालं. वामन म्हणाला, त्याला बेट म्हणाल तर उद्या गच्चीवरच्या टाकीतल्या दगडालाही म्हणाल. शेवटी प्रकरण धर्माजीशेठकडे गेलं.

"चारी बाजूंनी पाणी हाय ना?" शेठ म्हणाला. "मग बेट हाय. वामन, तुला नाय पटत तर भरतीला तू चालत जाऊन ये."

वामनने मानलं, पण एक पाचर मारली: पिशवी सिंगापूरची भरलेली आहे तशीच न्यायची. बोंबील, चिकू, लोणचं, पत्रिका, सगळ्यासकट. मी हो म्हटलं. पाच महिन्यांत मी इतका दमलो होतो की मला कोणी पिशवीत गिरणी टाक म्हटलं असतं तरी हो म्हणालो असतो.

आता भरती-ओहोटीचा हिशेब आमच्या बाजूला कोणालाही येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. त्यासाठी तिथी कळली पाहिजे, आणि तिथीसाठी पंचांग पाहिजे. आमच्या घरात पंचांग नाही, कारण आमच्याशेजारी चुरी वहिनी आहेत. त्यांच्या खिडकीतून साबुदाण्याच्या खिचडीचा वास आला की एकादशी, दुसऱ्या दिवशी पुरणाचा आला की बारस. बारा वर्षांत हे घड्याळ कधी चुकलं नव्हतं. आदल्या दिवशी खिचडीचा वास आला. म्हणजे आज बारस. म्हणजे ओहोटी दुपारी तीनला. आम्ही अडीचच्या सुमाराला केळव्याच्या सुरूच्या बनात उतरलो. वामन साक्षीदार म्हणून आला होता, छत्री घेऊन, सावली बघून बसला.

जाताना पिशवीने मला बराच त्रास दिला, पण गेलो. पाणी पोटरीपर्यंत. हंसा पुढे, साडी जरा वर खोचून, बूट हातात. कोटाच्या भिंतीवर चढल्यावर तिने पहिल्यांदा मागे वळून किनाऱ्याकडे पाहिलं. नारळी-पोफळीची रांग, मागे डोंगर, त्याखाली वामन हा एक काळा ठिपका. ती तिथेच बसली. मी तीन दगड मांडून चूल पेटवायला लागलो. ओली काटकी, वारा, डोळ्यांत धूर. तांदूळ-डाळ एकत्र टाकून जे झालं त्याला खिचडी म्हणावं असं मी सुचवलं. हंसाने खाल्लं. चव तिच्या ध्यानात आली असेल असं मला वाटत नाही.

"एडवण कुठल्या अंगाला?" तिने विचारलं.

मी दक्षिणेकडे बोट केलं. ती बराच वेळ तिकडे बघत होती. "म्हणजे आमच्या घरातून मी हे बघायचे," ती म्हणाली. "इथून घर कसं दिसत असेल, ते कधी बघायला मिळालं नाही." मी म्हटलं इतक्या लांबून घर दिसत नाही. ती म्हणाली, मला दिसतंय.  चल म्हणायला तोंड उघडायचो आणि मिटायचो. माझ्या हिशेबाने अजून वेळ होता.

मी सहज खाली बघितलं तर आलो ती वाळू नव्हती.

उतरलो. चार पावलांत पाणी गुडघ्याला, दहा पावलांत मांडीला. मी म्हणत होतो, हे शक्य नाही, आज बारस आहे. समुद्र ऐकत नव्हता. पिशवीत पाणी शिरलं, बोंबील फुगायला लागले, ताडपत्री दुप्पट झाली. पाणी कमरेला लागलं तेव्हा मागून एक लाट आली, आणि पाठीवर "ओले करू नये" असं लिहिलेला मी पाण्यात बसलो. उठायला गेलो, पुन्हा बसलो. पिशवी मला खाली धरून होती, जसं काही तिलाच पैज जिंकायची होती.

हंसा परत आली. तिने पट्टे माझ्या खांद्यांवरून ओढून काढले, साडीचा काष्टा मारला, बूट कमरेला खोचले, पदराची चुंबळ केली आणि ती धिप्पाड पिशवी उचलून डोक्यावर ठेवली. एका हाताने पिशवी, दुसऱ्या हाताने मी. "माझ्या मागून या," ती म्हणाली, "आणि बोलू नका." मी दोन्ही गोष्टी केल्या. ती पायाने वाळू चाचपत, जरा उत्तरेकडे वळून, मग सरळ, अशी चालली. पाणी छातीपर्यंत आलं आणि मग हळूहळू उतरत गेलं.

किनाऱ्यावर वामन नव्हता. वाळू लागल्या लागल्या मी पहिलं काय केलं असेल तर पिशवी तिच्या डोक्यावरून उतरवून स्वतःच्या पाठीला लावली.  मी म्हटलं, कोणी पाहिलेलं नाही. ती केस पिळायला लागली.

तेवढ्यात बनातून वामन पळत आला, चप्पल नाही, छत्री नाही, मागे दोन होडीवाले. पाणी चढताना बघून तो गावात होडीसाठी धावला होता. मला उभा बघून त्याने मिठी मारली. बारा वर्षांत पहिल्यांदा. त्याचा ऊर धपापत होता. "जिंकलास बाबा," तो म्हणाला. "जिवंत आहेस ना, जिंकलास. मी घालतो सदरा. पण तुला ह्या वेळी जायला सांगितलं कोणी?"

मी म्हटलं, तुझ्या बायकोने. काल तुमच्याकडे एकादशी होती ना?

वामनने कपाळावर हात मारला. "अरे, यंदा एकादश्या दोन आहेत. आमची स्मार्त, ती काल झाली. पण तिथी आज आहे, आज." म्हणजे ओहोटी तीनला नव्हे, सव्वादोनलाच होती; माझ्या हिशेबात पाऊण तासाचं पाणी कमी होतं. एका घराचा उपास एक दिवस आधी पडला आणि आम्ही दोघं जवळजवळ सरळ वर गेलो होतो, तेही पासपोर्टशिवाय.

मी जिंकल्याचा मान नम्रपणे स्वीकारतच होतो. सदरा इस्त्री करून घाल, असंही म्हणालो. वामन हो हो म्हणत हंसाकडे वळला आणि थांबला. तिच्या भांगातून, कपाळावरून, कानामागून लालभडक तेलाचे ओघळ चालले होते. खांद्यावर कैरीची एक फोड बसली होती. वामनला आधी रक्त वाटलं. मग त्याला वास आला. त्याच्याच घरचं लोणचं, तो कसा चुकेल? त्याने माझ्या मागे येऊन, पिशवी जरा उचलून माझी पाठ पाहिली. लख्ख, समुद्राने धुतलेली.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "बरणी तुमच्या डोक्यावर कशी फुटली?"

हंसाने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी जेवढं विनवता येतं तेवढं विनवलं.

"भावोजी, बेटावर मी जाऊन आले," ती म्हणाली. "पिशवीसकट. ह्यांचं काय ते तुमचं तुम्ही बघा."

बाजाराच्या दिवशी पालघर स्टेशनावर जेवढी गर्दी होती तेवढी मी कोणाच्या वरातीलाही पाहिलेली नाही. चाळ तर सगळी होतीच. सदरा बुधाच्या मापाचा, म्हणजे माझ्या पोटावर दोन बटणं कमी. बुधाने स्वतःचा पितळी बिल्लाही दंडाला बांधला, नेमका लस टोचलेल्या जागी. धर्माजीशेठने दोन पोती आणली होती. उचलली तेव्हाच आवाजावरून कळलं, नाल. ती ह्या फलाटावरून त्या फलाटावर नेली, मग शेठला आठवलं की ती इकडेच हवी होती. साखरबाईने ओल्या मासळीची पाटी डोक्यावर ठेवली आणि पाणी गळतंय ते पुसू नको म्हणाली, मासळी सुकते. जमादारही आला होता, ट्रंक घेऊन. ट्रंक रिकामी होती. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की घरी दुसरं काही सापडलं नाही.

वामन बाकावर बसून पान लावत होता. मला वाटलं, आता संपलं. इतक्यात सौराष्ट्राकडे जाणारी गाडी लागली, आणि जिन्यावरून चुरी वहिनी आणि हंसा उतरल्या. हंसाच्या पायांत पांढरे बूट. दोघी द्वारकेला निघाल्या होत्या, तिथून होडीने बेट द्वारकेला. हे वामनला माहीत होतं, चाळीला माहीत होतं, बुधालाही माहीत होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. ह्याला लोक गंमत म्हणतात.

हंसाने एक लहानशी कापडी पिशवी माझ्या हातात दिली. एवढी हलकी की मला लाज वाटली. मी ती बायकांच्या डब्यात चढवली, फळीवर ठेवली. खिडकीशी एक गुजराती बाई बसली होती. तिने माझा सदरा, सुटलेलं पोट आणि डोक्यावरचे मासळीचे खवले बघून हंसाला हिंदीत विचारलं, हमाल भरवशाचा आहे ना, सामान नीट ठेवलंय ना?

फलाटावर सगळे कान देऊन उभे होते.

"घरचेच आहेत," हंसा म्हणाली. "नवीन आहेत, पण शिकतील."

गाडी हलली. मी फळीवरची पिशवी पुन्हा एकदा सरळ केली आणि खाली उडी मारली.